गावकीचं कार्ड

आमच्या पडवीत गावकीची भांडी असायची. जेवणावळीचे टोप, पराती, कढया, भात उपसायचे झारे आणि हाताएवढ्या लांब दांड्यांचे डाव. सगळ्यात मोठ्या टोपात मी आणि माझी थोरली बहीण रंजना बसून होडी-होडी खेळायचो, आणि आईचा आवाज आला की आत डोकी खाली घालून गप्प राहायचो. तेवढ्यानं आपण लपलो असं आम्हाला वाटायचं, आणि आम्ही कुठं आहोत हे ठाऊक नाही असं आई दाखवायची. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या त्या गावाला आता गाव म्हणणारे आम्हीच तेवढे उरलो. बाकीचे त्याला कॉम्प्लेक्सच्या नावानं ओळखतात. तेव्हा मात्र तिथं शेतं होती, भावकी होती आणि लग्नसराई आली की पहाटेपासून आमच्या दारात भांडी न्यायला माणसं उभी असायची.

भांडी सांभाळायचा मान आजोबांकडून बाबांकडे आला होता. त्याचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण शेंबड्या पोरालाही पाठ होते. मागेल त्याला भांडं द्यायचं, नाही म्हणायचं नाही, भाडं घ्यायचं नाही. नेणाऱ्यानं ते राखेनं घासून, लख्ख करून परत आणायचं. पोचा पडला असेल तर ज्याच्या घरी पडला त्यानं तो काढून द्यायचा. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही. मूठभर तांदूळ, नारळ, काहीच नसेल तर परसातल्या शेवग्याच्या चार शेंगा, पण काहीतरी आत हवं. लग्नसराईत आमच्या घरी नारळांची इतकी रास पडायची की आई आमटीपासून भाजीपर्यंत सगळ्यात खोबरं घालायची, आणि मला पुढची कित्येक वर्षं वाटत होतं की श्रीमंत लोक असंच जेवत असणार.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की बाबांना क्रेडिट कार्ड मिळालं तेव्हा त्यांनी त्यालाही हेच नियम लावले.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. एक दिवस कारखान्याच्या गेटावर टाय लावलेली दोन पोरं आली आणि त्यांनी बाबांच्या चार सह्या घेतल्या. महिनाभरानं पाकिटातून कार्ड आलं. त्यावर बाबांचं नाव इंग्रजीत उठून आलेलं होतं. 'काशिनाथ' या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि आईला म्हणाले, "बघ, हाताला लागतं." आईनं हात पदराला पुसून अंगठा फिरवला. "लागतं खरं," म्हणाली, आणि सुकट भाजायला आत गेली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिली आली शारदावहिनी, बाबांच्या चुलतभावाची सून. तिला मिक्सर हवा होता. "काकांना विचारते, म्हटलं, गावकीचं कार्ड आलंय ना," असं ती म्हणाली. गावकीचं हा शब्द तिचा. बाबांनी तो खोडला नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. ठेवणीतली पँट घालून ते तिच्याबरोबर रिक्षानं उल्हासनगरला गेले, कॅम्प चारमधल्या गोपशेठच्या दुकानात. कार्डावर सही बाबांची लागते, त्यामुळं कार्ड जाईल तिथं बाबांना जावंच लागायचं, टोपाबरोबर डाव जातो तसं. गोपशेठचं दुकान म्हणजे पुढं कुकर-मिक्सर, मध्ये टीव्ही, मागं फ्रिज आणि लोखंडी कपाटं. गल्ल्याजवळ एक चपटं यंत्र होतं. त्यात कार्ड ठेवून वर कागद घालून गोपशेठ मूठ सरकवायचा, खर्रक-खट. मग सही, मग बाबांसाठी शेजारच्या गाडीवरून दाल-पकवान. "काशीभाई, आप तो पूरे गाँव के जमाई हो," गोपशेठ म्हणायचा. बाबा घरी येऊन हे वाक्य जसंच्या तसं सांगायचे, दरवेळी.

मिक्सरमागून टीव्ही गेला, टीव्हीमागून कपाट, मग कुणाच्या तरी जावयाला मानाचं घड्याळ. आमच्याकडची हळद म्हणजे काय असते ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. लग्न राहू दे, पण हळदीला कमी पडलं तर माणूस पुढची दहा वर्षं खाली मान घालून चालतो. सगळ्यात मोठं भांडं नेलं बाळारामकाकांनी. हे बाबांचे थोरले चुलतभाऊ, भावकीतले कर्ते, त्यांच्या शब्दावर बैठक उठायची आणि बसायची. मुलाच्या हळदीत मांडवाच्या दर्शनी भागी त्यांनी दोन दारांचा फ्रिज उभा केला, त्याला झेंडूची माळ घातली आणि पाहुणे नवऱ्या मुलाआधी फ्रिजला हात लावून गेले.

आता हे सगळे लोक काही फसवे नव्हते. ते परतफेड करायचे. कुणी थोडे पैसे आणून द्यायचं, उरलेले 'पिकाला देतो' म्हणायचं. आणि कुणीही रिकाम्या हातानं यायचं नाही. शारदावहिनीनं मिक्सरपोटी एक गावठी कोंबडी दिली, कुणी सुके बोंबील दिले, कुणी जांभळं. बाबांच्या हिशेबी भांडं घासून, काहीतरी घालून परत आलं होतं. शिवाय कार्ड त्यांच्या खिशातच होतं. गेलं काय मग?

राहिला बँकेचा कागद. तो दर महिन्याला यायचा आणि त्यावर दोन आकडे असायचे, एक मोठा, एक लहान. बाबांचं सगळं आयुष्य उल्हासनगरच्या बाजारात खरेदी करण्यात गेलेलं. तिथं माणूस आधी एक भाव सांगतो, तुम्ही पाठ फिरवलीत की दुसरा सांगतो, आणि शहाणा माणूस दुसरा देतो. बाबांना वाटलं, बँक सभ्य आहे, पाठ फिरवायला न लावताच दोन्ही भाव एका कागदावर लिहून पाठवते. त्यांनी लहान आकडा भरला. कागद आला त्याच आठवड्यात भरला, एकदाही चुकवला नाही. मी त्या वेळी अकरावी कॉमर्सला होते. जमा कुठल्या बाजूला आणि नावे कुठल्या बाजूला एवढं मला नक्की येत होतं, पण घरात येणारा कागद हा अभ्यासक्रमात नव्हता.

रंजनाचं लग्न ठरलं ते बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका गावात. मुलगा वीजमंडळात लाइनमन, शांत, आणि रंजनाशी फोनवर बोलताना 'हां' सोडून दुसरं काही न बोलणारा. तरी त्या 'हां'साठी ती शेजारच्या फोनपाशी तासभर आधीपासून वेणी घालून बसायची. लग्न मे महिन्यात. बाबा, रंजना आणि मी कपाट घ्यायला गोपशेठकडं गेलो. एव्हाना यंत्र बदललं होतं, नव्यात कार्ड नुसतं ओढायचं होतं. गोपशेठनं ओढलं. यंत्र टीं-टीं करून गप्प झालं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

"काशीभाई, मशीन ना बोलता है."

"परत घासा," बाबा म्हणाले. "जरा जोर लावून घासा."

दुकानातला पोऱ्या हसला, गोपशेठ हसला नाही. बाबा शेवटचा कागद घडी करून कार्डामागं ठेवत असत, भरल्याचा पुरावा म्हणून. तो त्यांनी काढून दिला. गोपशेठनं चष्मा कपाळावरून खाली ओढला, कागद वाचला आणि बाबांकडं बघितलं.

"ये छोटा वाला क्यूं भरते हो?"

"दोन भाव होते. कमी तो भरला. तुमच्याकडं पन तसंच ना?"

"अरे साईं," गोपशेठ हळू आवाजात म्हणाला, "हमारे यहाँ छोटा वाला आख़िरी भाव होता है. बैंक में छोटा वाला ब्याज का नाश्ता है. खाना तो अभी बाक़ी है." मग त्यानं कागदावरचा मोठा आकडा बोटानं दाखवला. मी वाकून पाहिला आणि आधी वाटलं की तो कार्डाचा नंबर आहे.

त्या दिवशी त्यानं दाल-पकवान मागवलं, पण बाबांनी खाल्लं नाही. ते मी खाल्लं. दुःखाच्या प्रसंगी मला भूक लागते, ती सवय अजून गेलेली नाही.

आई पडवीत वाल सोलत बसली होती. बाबांनी तिला सगळं सांगितलं. व्याज, दंड, मोठा आकडा, लहान आकडा. तिनं हातातला वाल सोलून संपवला आणि विचारलं, "म्हंजे बँकेचा टोप आपल्याकडंच रायला? आपन नुसता नारल देत होतो?"

"तसंच," बाबा म्हणाले.

"आनि टोपात?"

"टोपात भावकी जेवली."

इतकं अचूक मला पुढं बी. कॉम. होऊनही कुणी समजावलं नाही. आज माझ्या फोनवर दर महिन्याला कार्डाचा मेसेज येतो, आणि माझी आई, जिला चष्म्याशिवाय स्वतःची भाकरी दिसत नाही, ती खाटेवरून विचारते, "मोठा भरलास ना गं?" मी हो म्हणते. माझी मुलगी हसते. तिला वाटतं, हा काहीतरी दोघींचा जुना विनोद आहे.

त्या रात्रीपासून, नव्हे, त्या संध्याकाळच्या चहापासून, घर आवळलं गेलं. चहाची पूड दुसऱ्यांदा उकळू लागली. तिला आम्ही 'चहाचं श्राद्ध' म्हणायचो. केबलवाल्याला आईनं दारातूनच परत पाठवलं. साबणाच्या उरलेल्या चिपा दाबून एक साबण तयार व्हायचा, तीन रंगांचा आणि चार वासांचा. आंघोळीचं पाणी चुलीवर, शेताच्या बांधावरची काडी-कुडी जाळून, त्यामुळं मी कॉलेजात धुराचा वास घेऊन जायचे आणि मैत्रिणींना सांगायचे की आमच्याकडं होम होता. एका सत्रात आमच्याकडं फार होम झाले. बाबा शेअर रिक्षा सोडून कारखान्यापर्यंत चालत जाऊ लागले. रविवारचं मटण गेलं, त्या जागी जवळा आला. जवळ्याची चटणी, जवळ्याचं कालवण, जवळा घालून वांगं. आमचा कुत्रा मोती दोन रविवार दाराशी हाडकांची वाट बघत बसला आणि तिसऱ्या रविवारपासून बाळारामकाकांकडं राहायला गेला. बाबांना लागलं ते एवढंच. "कुत्रं पन कर्ता मानूस ओळखतं," म्हणाले.

पगारातून वाचेल ते सगळं बँकेत जाऊ लागलं आणि मोठा आकडा, बारवीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तसा, दिसेल न दिसेल असा उतरू लागला. पण मग लग्नाला काय उरणार? बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी करू. निरोप गेला. मुलाकडून त्याचा मामा आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आमची म्हातारी अंथरुणाला आहे. मे महिन्यात होत असेल तर करू. नाय तर मग तुमाला दुसरं बघायला मोकलं, आमाला पन." मामा वाईट माणूस नव्हता. जाताना त्यानं माझ्या हातावर पेपरमिंट ठेवलं. रंजना मागच्या दारी गावकीच्या पराती घासत बसली. त्या परवाच घासून आलेल्या होत्या.

लग्नाआधी भावकीची बैठक बसते. मांडव कोण घालणार, पाणी कोण भरणार, कुणाच्या अंगणात चुली पेटणार, ही कामं त्या दिवशी वाटून घेतात. बाबांनी बैठक बोलावली खरी, पण तिथं काय बोलणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. भावकीत पैसे मागायचे म्हणजे नातं कापायचं. सकाळपासून त्यांनी चार वेळा शर्ट बदलला. शेवटी घातला तो पहिलाच.

रविवारी सकाळी पडवी भरली. बाळारामकाका खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर, बायका दाराच्या आत. दुसऱ्या उकळीचा चहा फिरला आणि सगळ्यांनी सभ्यपणे प्यायला. बाबा घसा साफ करत राहिले. तेवढ्यात आई गावकीची छोटी परात घेऊन बाहेर आली. परातीत हळदकुंकू, नारळ आणि मधोमध ते कार्ड. तिनं परात सतरंजीच्या मध्यात ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ह्ये गावकीचं भांडं," ती म्हणाली. "आमच्याकडं ठेवलेलं. मागेल त्याला दिलं, नाय कोनाला बोललो नाय. आता त्याला पोचे परलेत. ज्याच्या घरी परला त्यानं पोचा काढायचा, ही रीत मी नाय केली, तुमच्या आजा-पनजानं केली."

बाहेर कोंबडी तेवढी बोलत होती.

"जनाबाय," बाळारामकाका म्हणाले, "पोरीच्या लग्नाच्या बैठकीत हिशेब मांडतेस?"

"हिशेब नाय दादा. पैसा कोनाकडं मागत नाय. पगार बँकेला जातो, तो जाऊ दे. पोरीची हळद उभी रायली पायजे, येवढंच. ज्यानं त्यानं आपला पोचा वळखावा."

मग आतून शारदावहिनीचा आवाज आला, सासऱ्यांसमोर ती पहिल्यांदाच बोलत असावी. "मिक्सरचा पोचा माझा. कोंबडीनं निघला नसंल तो. हळदीचा तांदूल आमच्या घरचा." तिच्या सासऱ्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं, मग मिशीवरून हात फिरवला. "सुनेनं सांगितलं ना. मग झालं," म्हणाले. त्यानंतर एकेक जण बोलला. टीव्हीवाल्यानं मांडव घेतला, घड्याळवाल्यानं बँजो पार्टी, कपाटवाल्यानं रंजनाला कपाट. तेल, लाकडं, बांगड्या. एकानं तर जे त्यानं कार्डावर घेतलंच नव्हतं त्याचाही पोचा कबूल केला, इतकं वातावरण तापलं. फक्त मटण कुणी घेतलं नाही, कारण मटण कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. बाळारामकाकांनी चहाचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. मोती त्यांच्यामागं गेला.

"वालाचं बिरडं करू," आई संध्याकाळी म्हणाली. हळदीला बिरडं. बाबा हसले आणि मग हसायचे थांबले.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव उभा राहिला, उंबराची फांदी आली, धवलारीण म्हातारी खोकत-खोकत गाणी म्हणायला बसली. आई, शारदावहिनी आणि मी मोठ्या टोपाजवळ वालाची डोंगराएवढी रास घेऊन बसलो होतो. बोटं सुजली होती. मुलाकडची माणसं संध्याकाळी येणार, आणि मामाच्या चेहऱ्यावर काय दिसेल याचा अंदाज मी घेत होते. रंजना पिवळ्या साडीत पाटावर बसून वारंवार रस्त्याकडं बघत होती. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. टेम्पोत फ्रिज उभा होता, दोन दारांचा, आणि त्याला धरून बाळारामकाका उभे होते, मिरवणुकीत मूर्ती धरतात तसे.

बँजोवाल्यांना वाटलं वर आला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

चार माणसांनी फ्रिज उतरवून मांडवात आणला. काकांनी कपाळ पुसलं. "काशिनाथ," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझ्या बायकोनं मना भर बैठकीत भांड्याची रीत शिकवली. ह्ये घे तुझं भांडं. परत केलं."

धवलारीण गायची थांबली. मला वाटलं, संपलं. कर्त्या माणसानं मांडवात येऊन नातं तोडलं, आता हळद कसली. आई वालाच्या ढिगाजवळून उठली. हात पुसत पुढं आली, फ्रिजभोवती एक फेरी मारली, पोचा शोधावा तशी, आणि काकांकडं न बघता विचारलं,

"रिकामंच?"

काका गुरकावले, "उघड की!"

आईनं दार उघडलं. खालपासून वरपर्यंत मटण होतं, त्याच पहाटे कापलेलं, केळीच्या पानांवर लावलेलं, मधून मधून बर्फाच्या लाद्या. वरच्या छोट्या दारात कलेजी. अंड्यांच्या खळग्यांत लिंबं, एकेका खळग्यात एकेक. आणि बाटल्यांच्या जागी, दोरीनं बांधून बसवलेला, सोललेला नारळ.

"पोचा निघला का?" काकांनी विचारलं.

"निघला," आई म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून ओरडली, "मोठा टोप आना रे! वाल उचला तिकडं!"

त्या रात्री मुलाकडच्या मामानं तीन वेळा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी लग्नाला आलेला लाइनमन जावई दारातल्या फ्रिजकडं बघून 'हां' म्हणाला. हळदीला मोतीही आला होता. घरचा असल्यासारखा तो माझ्या पायांवर येऊन बसला, आणि मी त्याला हाड टाकलं. कार्डाचा मोठा आकडा पुढं कितीतरी जवळा खाऊन शून्यावर आला, आणि कार्ड मग आईनं मोठ्या टोपात टाकून ठेवलं. ते अजून तिथंच असेल, मी वाकून बघितलेलं नाही.

फ्रिजचं मात्र लगेच निपटलं. रंजनाची पाठवणी झाली, मांडव उतरला, आणि तिसऱ्या दिवशी फ्रिज काकांकडं परत पाठवायला बाबांनी तोच टेम्पो बोलावला. आमच्याकडं विजेचं बिल आधीच कमी करायचं चाललं होतं, दोन दारांचं काय करणार? आईनं फ्रिज राखेनं घासला, आतून-बाहेरून, रबरसुद्धा. टेम्पोवाला घाई करत होता.

"चला ना बाबा, रिकामा फ्रिज, पाच मिनिटांचं काम."

"थांब रे," बाबा म्हणाले, आणि बिरड्यासाठी सोलून ठेवलेल्या, न शिजलेल्या वालांनी ते एकेक खण भरू लागले.